ऑपरेशनच्या आधी आणि नंतर

महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर विवाहित स्त्रियांपैकी ४९ जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधल्या पाचव्या फेरीतली ही नोंद. याच पाहणीत नवऱ्याने नसबंदी करून घेतल्याचं प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही. देशाचा आकडा पाहिला तर ऑपरेशन झालेल्या स्त्रिया ३८ टक्के, गोळ्या घेणाऱ्या ५ टक्के आणि तांबी बसवलेल्या जेमतेम २ टक्के.

म्हणजे आपल्याकडे गर्भनिरोधन ही बहुतेक घरांत एका दिवसाची गोष्ट आहे. विशीत लग्न, वर्ष-दीड वर्षात पहिलं मूल, मग दुसरं, आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. त्याआधी ‘बघू’ आणि त्यानंतर ‘सुटले’. पण बाईची पाळी तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू होते आणि पंचेचाळिशी-पन्नाशीपर्यंत चालते. या तीस-पस्तीस वर्षांत तिच्या गरजा अनेकदा बदलतात. लग्नानंतर थोडं थांबायचं असतं, दोन बाळंतपणांत अंतर हवं असतं, कधी अंगावर पाजत असताना काळजी घ्यायची असते, चाळिशीनंतर प्रश्न आणखी वेगळे होतात. या प्रत्येक टप्प्याला चालेल असं साधन आज आहे आणि त्यातली बरीचशी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती वापरली जात नाहीत, कारण ती शरीरात नेमकं काय करतात हे फार कमी जणींना कोणी समजावून सांगितलेलं असतं. न समजलेल्या गोष्टीची भीती वाटते. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

दिवस कसे जातात

पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव सुरू होण्याचा दिवस. तिथून मोजणी सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून निघालेली संप्रेरकं बीजांडकोशाला निरोप देतात आणि तिथे एक स्त्रीबीज पिकू लागतं. पिकलं की ते बाहेर पडतं आणि गर्भनलिकेत शिरतं. त्याचं आयुष्य फार तर एक दिवसाचं. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. दोघांची गाठ पडते ती गर्भनलिकेत. फलित झालेलं बीज हळूहळू खाली सरकतं आणि सहा ते दहा दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतं. रुजलं नाही, तर ते अस्तर गळून पडतं. तीच पुढची पाळी.

यातला एक तपशील फार महत्त्वाचा आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक जणींत साधारण १४ दिवसांचा असतो. लांबतो किंवा आखडतो तो त्याच्या आधीचा काळ. २८ दिवसांची पाळी असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटेल, ३५ दिवसांची असेल तर एकविसाव्या, आणि २४ दिवसांची असेल तर दहाव्याच दिवशी. शुक्रजंतू पाच दिवस टिकतात हे त्यात धरलं, तर २४ दिवसांची पाळी असणाऱ्या बाईला पाचव्या दिवशीच्या संबंधातूनही दिवस जाऊ शकतात. तेव्हा कदाचित रक्तस्राव पुरता थांबलेलाही नसेल. ‘पाळीनंतरचे आठ दिवस सुरक्षित’ हा मैत्रिणींमधला सल्ला इथेच फसतो. शिवाय ताप, प्रवास, जागरण, मनावरचा ताण यांपैकी कशानेही बीज सुटण्याचा दिवस पुढे सरकू शकतो आणि तो सरकला हे पाळी उशिरा आल्यावरच कळतं.

बीज सुटण्याच्या सुमारास योनीतून पारदर्शक, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा स्राव येतो. तो आजार नव्हे. ‘अंगावरून पांढरं जातं, त्याने अशक्तपणा येतो’ म्हणून घाबरलेल्या कित्येक जणींना खरं तर हाच स्राव दिसलेला असतो. खाज सुटत असेल, दह्यासारख्या गुठळ्या पडत असतील, घाण वास येत असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर मात्र तपासून घ्यायला हवं.

आता प्रत्येक गर्भनिरोधक साधनाला एकच प्रश्न विचारायचा: बीज पिकणं, शुक्रजंतू पोचणं, दोघांची गाठ पडणं आणि रुजणं या साखळीतला कुठला दुवा ते तोडतं? त्याचं उत्तर मिळालं की साधनाचे फायदे, त्रास आणि मर्यादा सगळंच उलगडतं.

बीजच सुटू द्यायचं नाही

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. रक्तात संप्रेरकांची पातळी बाहेरूनच टिकून राहिली की पियूषिका ग्रंथी बीजांडकोशाला निरोप पाठवत नाही, बीज पिकत नाही. त्याबरोबर गर्भाशयाच्या मुखातला स्राव घट्ट होतो आणि शुक्रजंतूंची वाट अडते. लोहाच्या गोळ्या चालू असताना संप्रेरक थांबलेलं असतं, म्हणून त्या दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव होतो.

रोज न चुकता घेतली तर वर्षभरात हजारात तिघींनाच दिवस जातात. प्रत्यक्षात गोळ्या चुकतात, म्हणून शंभरात सात जणींना जातात. एक गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्यायची. दोन किंवा जास्त राहिल्या तर गोळ्या चालू ठेवून पुढचे सात दिवस निरोधही वापरायचा. सर्वांत धोक्याचं म्हणजे नवं पाकीट उशिरा उघडणं, कारण आधीचे सात दिवस संप्रेरक नसतंच आणि तेवढ्या अवधीत बीज पिकायला लागलेलं असतं. क्षयरोगावरच्या औषधांतलं रिफाम्पिसिन या गोळ्यांचा परिणाम कमी करतं. टीबीचे उपचार चालू असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं.

‘गोळ्यांनी पुढे मूल होत नाही’ ही भीती निराधार आहे. गोळ्या थांबवल्या की बीज पुन्हा सुटू लागतं. या गोळ्यांनी बीजांडकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. स्तनांच्या कर्करोगाचा धोका गोळ्या चालू असेपर्यंत किंचित वाढतो. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली आहे, ज्यांना डोळ्यांपुढे झगमग येऊन अर्धशिशी उठते किंवा ज्या पस्तिशीनंतर धूम्रपान करतात, त्यांनी मात्र या गोळ्या घेऊ नयेत. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने त्या टाळायच्या.

पाजणाऱ्या आईला चालते ती ‘छाया’. ही गोळी भारताची स्वतःची. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली आणि १९९१ पासून ‘सहेली’ या नावाने बाजारात आली. पुढे ‘छाया’ या नावाने ती सरकारी कार्यक्रमात आली. हिच्यात संप्रेरक नसतं. ती गर्भाशयाच्या अस्तरावर काम करते, फलित बीज रुजण्याजोगी स्थिती तिथे तयार होऊ देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदाच घ्यायची. पाळीच्या पहिल्या दिवशी बुधवार असेल तर तीन महिने बुधवार आणि शनिवार, त्यानंतर दर बुधवारी. हिच्यामुळे पाळी लांबते. हे आधी सांगितलेलं नसलं की बाई घाबरते आणि गोळी सोडते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर मात्र गर्भारपणाची चाचणी करावी.

‘अंतरा’ हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. ‘माला-एन’सारखं तेही बीज सुटू देत नाही. गोळी रोज आठवत नाही किंवा घरात पाकीट दिसून चालत नाही, अशा बाईला ते सोयीचं पडतं. यात पाळी अनियमित होते आणि काही इंजेक्शनांनंतर अनेक जणींची पूर्ण थांबते. ‘मग ते रक्त जातं कुठे, डोक्यात चढतं का?’ हा प्रश्न गावातल्या आशा स्वयंसेविकांना नेहमी ऐकावा लागतो. उत्तर सोपं आहे: अस्तर जाड होतच नाही, त्यामुळे गळून पडायला काही नसतं. रक्त साठत नाही. या इंजेक्शनची एक मर्यादा लक्षात ठेवावी. बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरातच मूल हवं असेल तर दुसरं साधन निवडावं.

शुक्रजंतूंना पोचू द्यायचं नाही

निरोध शुक्रजंतूंना आतच येऊ देत नाही. एड्स आणि गुप्तरोगांपासून बचाव करणारं हे एकमेव साधन, त्यामुळे दुसरं काही वापरत असलं तरी त्या कामासाठी याला पर्याय नाही. प्रत्येक वेळी आणि सुरुवातीपासून वापरला तर वर्षात शंभरात दोघींना दिवस जातात, नेहमीच्या वापरात तेरा जणींना. ‘वेळेवर बाहेर काढतो’ या भरवशावर राहिलं तर वीस जणींना.

तांबी गर्भाशयात बसते आणि तिच्यावरच्या तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात. बीज सुटतं, पाळी येते, गाठ मात्र पडत नाही. एक प्रकार पाच वर्षं चालतो, दुसरा दहा वर्षं. वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत आणि नको वाटेल तेव्हा नर्सबाई किंवा डॉक्टर ती काही मिनिटांत काढून देतात. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाही तर सहा आठवड्यांनी. इतकं सोपं आणि परतीची वाट मोकळी ठेवणारं साधन असूनही ते वापरणाऱ्या जेमतेम २ टक्के, हे कोडं अफवांमुळे पडलेलं आहे. ‘तांबी वर चढते’ ही त्यांतली सर्वांत जुनी. गर्भाशय ही बंद पिशवी आहे, तिथून छातीकडे जायला वाट नाही. बसवताना पिशवीला छिद्र पडणं हा प्रकार फार क्वचित घडतो, म्हणून ती शिकलेल्या हातांनीच बसवून घ्यायची. खरा त्रास होतो तो पहिल्या तीन-चार महिन्यांत: पाळीला रक्त जास्त जातं, पोटात कळा येतात. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. तेव्हा तांबी बसवताना हिमोग्लोबिन पाहून लोहाच्या गोळ्या देणं हा त्याच कामाचा भाग समजायला हवा.

वाटच बंद करायची

स्त्रीच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही गर्भनलिका बांधून कापतात किंवा दुर्बिणीतून त्यांवर कडी चढवतात. बीज सुटत राहतं, पाळी येत राहते, संबंधांची इच्छाही तशीच राहते. फक्त गाठ पडण्याची जागा बंद होते. दोनशेत एखादीला वर्षभरात तरीही दिवस जातात. ऑपरेशननंतर पाळी चुकली तर ‘आता काय होणार’ म्हणून बसू नये. अशा वेळी गर्भ नलिकेतच अडकलेला असण्याची शक्यता जास्त असते आणि ती नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं.

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी याहून कितीतरी सोपी. अंडकोशाच्या त्वचेला एक बारीक छिद्र पाडून शुक्रवाहिन्या बांधतात. पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा फार थोडा असतो, त्यामुळे वीर्यपतन पूर्वीसारखंच होतं. पुरुषी संप्रेरक रक्तातून जातं, त्या नळीतून नाही, म्हणून ताकद किंवा पौरुष कमी होण्याचं कारणच नाही. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. त्यामुळे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून खात्री करायची.

मग पुरुष का येत नाहीत? एके काळी येत होते. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं चालत. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यांतल्या तीन-चतुर्थांश पुरुषांच्या. त्यांत सक्ती होती, धाक होता, ठरवून दिलेले आकडे गाठायचे होते. तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करणारं विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७७ च्या निवडणुकीनंतर पुरुषांना हात लावायला कोणतंच सरकार धजलं नाही आणि कार्यक्रमाचा सगळा भार बायकांच्या पोटावर आला.

खरं तर महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात फार वेगळी होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र सुरू झालं होतं. कर्व्यांना या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. कर्व्यांचा भर लोकसंख्या कमी करण्यापेक्षा बाईच्या शरीरावर तिचा हक्क असण्यावर होता. पुढे सरकारी योजनेत मुलांची संख्या आली, तो हक्क मागे पडला.

चूक झालीच तर

निरोध फाटला, गोळ्या राहिल्या, मनाविरुद्ध संबंध आला, तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती बीज सुटणं पुढे ढकलते. म्हणून जितकी लवकर घेतली तितकी चांगली, आणि बीज आधीच सुटलेलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. तिने गर्भपात होत नाही. दर महिन्याला तीच घेत राहणं मात्र शहाणपणाचं नाही, कारण नेहमीच्या साधनांइतकी ती भरवशाची नाही आणि पाळीचं वेळापत्रक बिघडतं. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती तातडीच्या गोळीपेक्षा जास्त खात्रीची.

तरीही दिवस गेले तर कायदा बाईच्या बाजूने आहे. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. काही विशिष्ट परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. गर्भनिरोधक साधन अपयशी ठरणं हे कारण आता अविवाहितेलाही लागू आहे. बाई १८ वर्षांची असेल तर तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. ऑपरेशनसाठीही ती लागत नाही. गर्भलिंग तपासणं हा गुन्हा आहे, कायद्याच्या मर्यादेत गर्भपात करून घेणं हा नाही. या दोहोंत गल्लत झाली की बाया भोंदू दवाखान्यांकडे वळतात.

कोणासाठी काय

नुकतं लग्न झालेल्या जोडप्याला निरोध, गोळ्या किंवा छाया पुरते. पहिलं मूल झाल्यावर पुढच्या गर्भारपणाआधी किमान दोन वर्षांचं अंतर ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या काळातली सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘अजून पाळी आली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत’ ही समजूत. बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते, त्यामुळे बाळंतपणानंतर पाळी न येताच पुन्हा गरोदर राहिलेल्या बाया काही थोड्या नाहीत. पाजण्याने संरक्षण मिळतं, पण तीन अटी एकत्र पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि पाळी परत आलेली नाही. एक अट तुटली की साधन सुरू करायचं. दोन मुलं झाल्यावर ऑपरेशनच हवं असेल तर जरूर करावं, पण धाकटं मूल नीट वाढेपर्यंत तांबीवर थांबण्यात काही बिघडत नाही. आणि त्या वेळी नवऱ्याच्या नसबंदीचा विचार आधी व्हावा.

चाळिशी आली की एका वेगळ्याच ऑपरेशनचा सल्ला मिळू लागतो. पाळीला रक्त जास्त जातंय, पांढरं जातंय, ‘पिशवी काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल’. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांबद्दल २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. तपासणी झालेल्या सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत अगदी तरुण बायाही होत्या. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले गेले तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. जास्त रक्तस्रावावर आधी करून पाहण्यासारखे उपाय आहेत: लोह, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, आणि पाच वर्षं वा त्याहून जास्त चालणारी संप्रेरकाची तांबी. ही तांबी गर्भनिरोधक तर आहेच, शिवाय तिने पाळीचं रक्त खूप कमी होतं.

कर्करोगाच्या भीतीवरचं उत्तर तपासणी हे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने आणि गरजेप्रमाणे उपचारांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. पाळी गेल्यावर वर्षभराने पुन्हा रक्त दिसलं तर मात्र एक दिवसही न दवडता दाखवायचं. आणि पाळी जायची चिन्हं दिसू लागली म्हणून साधन लगेच थांबवायचं नाही. पन्नाशीच्या आत असाल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष ते चालू ठेवावं.

दवाखान्यात कुठलंही साधन सुचवलं गेलं की चार गोष्टी विचाराव्यात: हे माझ्या शरीरात काय करतं, याने पाळीत काय फरक पडेल, नको झालं तर ते कसं आणि कधी थांबवता येईल, आणि यापेक्षा वेगळं काय आहे? या चारही प्रश्नांची सरळ उत्तरं मिळणं हा रुग्ण म्हणून बाईचा अधिकार आहे. ती मिळाल्यावर तिने ऑपरेशनच निवडलं, तरी ती निवड तिची स्वतःची असेल.